पाचवं गाणं लांबलं कसं?

गेल्या अंकात मी विचारलं होतं, की पंधराव्या-सोळाव्या वर्षी ऐकलेला एखादा रॉक अल्बम हल्ली पुन्हा ऐकलात का आणि ऐकताना काय प्रश्न पडले. पत्रं भरपूर आली. सगळी इथे घेणं शक्य नाही, म्हणून ज्यात मला नक्की काही सांगता येईल अशी निवडली आहेत. जुन्या टेप आणि रेकॉर्ड डिजिटल करून देणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे काही उत्तरं यंत्रांच्या अंगाने जातील, ते चालवून घ्या.

प्रश्न : नमस्कार ताई. डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ हा माझा शाळेच्या शेवटच्या वर्षातला अल्बम. मोठ्या भावाकडे रेकॉर्ड होती, तिच्यावरून मी कॅसेट भरून घेतली होती. ती इतकी वाजवली, की शेवटी टेप तुटली. मध्ये कितीतरी वर्षं ऐकला नाही. परवा फोनवर लावला तर ‘व्हाय वरी’ जिथे संपायचं तिथे संपेचना, गिटार आपली वाजतेच आहे. ‘युअर लेटेस्ट ट्रिक’ पण लांबल्यासारखं वाटलं. शिवाय सगळाच अल्बम किंचित खालच्या पट्टीत, जड वाटला. नवरा म्हणतो, एवढ्या जुन्या आठवणीवर काय भरवसा ठेवायचा? अल्बम बदललाय की माझी आठवण?

उत्तर : अल्बम बदललाय. हे उत्तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा.

‘ब्रदर्स इन आर्म्स’ मे 1985 मध्ये आला. पहिले सीडी प्लेअर जपानमध्ये विकायला आले ते 1982 च्या ऑक्टोबरात, म्हणजे तेव्हा सीडीला तीन वर्षंही झाली नव्हती. संपूर्ण डिजिटल पद्धतीने रेकॉर्ड झालेल्या सुरुवातीच्या मोठ्या रॉक अल्बमांपैकी हा एक, आणि सीडीवर दहा लाख प्रती खपलेला पहिला. रेकॉर्ड घ्या नाहीतर सीडी घ्या, आत संगीत एकच असणार असं आपण धरून चालतो. इथे तसं नव्हतं. ‘व्हाय वरी’ रेकॉर्डवर 5 मिनिटं 22 सेकंदांचं आहे आणि सीडीवर साडेआठ मिनिटांचं. ‘युअर लेटेस्ट ट्रिक’ पावणेपाचावरून साडेसहावर जातं, ‘मनी फॉर नथिंग’ सातावरून जवळजवळ साडेआठवर. पहिल्या बाजूच्या पाचांपैकी चार गाण्यांना रेकॉर्डसाठी कात्री लागली, ‘वॉक ऑफ लाइफ’ तेवढं सुटलं. आज फोनवर मिळतं ते सीडीचं लांब रूप.

कात्री लावण्याचं कारण साधं आहे. रेकॉर्डच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं आरामात बसतात. त्याहून जास्त बसवायची तर खाचा एकमेकींना खेटून कापाव्या लागतात. खेटलेल्या खाचेत सुईला हलायला जागा कमी मिळते, आणि सगळ्यांत जास्त जागा खातो तो खर्ज. मग एकतर आवाज उतरवायचा, बेस कमी करायचा, नाहीतर गाणी छोटी करायची. सीडीवरची पहिली पाच गाणी जवळजवळ 33 मिनिटांची होतात. रेकॉर्डवर ती 25 च्या आसपास आणली. दुसऱ्या बाजूची चार गाणी मुळातच 22 मिनिटांत बसत होती, त्यामुळे त्यांची लांबी आहे तशीच राहिली. आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. लांबल्याची तक्रार तुम्ही पहिल्या बाजूच्या गाण्यांबद्दल केली आहे आणि दुसऱ्या बाजूबद्दल चकार शब्द काढलेला नाही. इतक्या वर्षांनंतर कानांनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय.

पट्टीचंही तसंच. कॅसेटची टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटर पळावी असं ठरलेलं आहे, पण घरच्या डेकमध्ये ती थोडी पुढेमागे व्हायचीच. ज्या डेकवर भरली तो जरा सावकाश आणि ज्यावर वाजवली तो जरा जलद असला की दोन्ही चुका एकाच दिशेने जमा होतात. वेग 6 टक्क्यांनी वाढला की पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये ऐकू येतं. तुमचा अल्बम बहुधा लहानपणभर थोडा चढा वाजला. आठवणीतली पट्टी इतकी पक्की असू शकते का, तर असू शकते. डॅनियल लेव्हिटिन या अभ्यासकाने 1994 मध्ये संगीताचं खास शिक्षण न घेतलेल्यांनाही आवडीची गाणी नुसत्या आठवणीतून गायला लावली होती, आणि पुष्कळ जण मूळ रेकॉर्डिंगच्या पट्टीवर किंवा तिच्या अगदी जवळ गायले. एकच रेकॉर्डिंग शेकडो वेळा ऐकलेलं असतं. गाणाऱ्यागणिक पट्टी बदलणाऱ्या गाण्याचं असं होत नाही.

कोणतं रूप चांगलं, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. ‘व्हाय वरी’ लांबच हवं. शब्द संपल्यावर गिटारी ज्या निवांतपणे बोलत राहतात, तो भाग कापणाऱ्याचा जीव कसा झाला असेल असं मला नेहमी वाटतं. ‘मनी फॉर नथिंग’ मात्र रेकॉर्डवरचंच बरं, ते वेळेवर संपतं. भावाकडची रेकॉर्ड अजून असेल तर ती कुणाला देऊन टाकू देऊ नका. नंतर आलेल्या नव्या आवृत्त्यांमध्ये दोन रेकॉर्ड वापरून लांब रूप घातलं गेलं आहे, तुमचं छोटं रूप जुन्या एकेरी रेकॉर्डवरच सापडेल.

प्रश्न : मेटालिकाचा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ माझा जीव की प्राण. त्यात बेस जवळजवळ ऐकूच येत नाही हे तेव्हा कळलं नव्हतं, स्वतः बेस वाजवायला लागल्यावर कळलं. रीमास्टर आलाय म्हणून मोठ्या आशेने ऐकला. बेस अजूनही गायब! मग रीमास्टर करून मिळवलं काय?

उत्तर : तुम्हाला हवा होता रीमिक्स. रीमास्टरने ते काम होत नाही.

स्टुडिओत ड्रम, बेस, गिटार, आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात. कोण किती पुढे आणि कोण मागे, हे ठरवून ते सगळे डाव्या आणि उजव्या अशा दोन वाटांमध्ये एकत्र केले की झालं मिक्स. मास्टरिंग त्याच्या पुढचं. तयार मिक्सचा एकूण पोत, खर्ज-तीव्राचा तोल आणि मोठेपणा सारखा करणं एवढंच तिथे हातात असतं. मिक्समध्ये बेस मागे गेला असेल तर मास्टरिंगवाला सगळाच खर्ज वर उचलू शकतो. पण मग बेस ड्रम आणि गिटारचा जाडपणाही वर येतो, बिचारी बेस गिटार होती तिथेच राहते.

तुमच्या अल्बममागे दुःखाची गोष्ट आहे. क्लिफ बर्टन हा बँडचा बेसवादक सप्टेंबर 1986 मध्ये स्वीडनमध्ये दौऱ्याच्या बसला झालेल्या अपघातात गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि बँडबरोबरचा त्याचा पहिला पूर्ण अल्बम म्हणजे 1988 चा हा ‘जस्टिस’. नव्या माणसाचं सगळं काम मिक्समध्ये गिटारींच्या मागे दबलं. 2018 मध्ये तीस वर्षांनिमित्त रीमास्टर निघाला तेव्हाही बँडने मिक्स मूळचाच ठेवला. तुम्हाला राग येणं मी समजू शकते, पण मी बँडच्या बाजूने आहे. तो अल्बम कोरडा, टोकदार आणि थंड ऐकू येतो ते त्या पोकळीमुळेच, आणि तुम्ही शाळेत प्रेमात पडलात तेही त्याच आवाजाच्या.

कारण उलटं घडलं की काय होतं तेही पाहिलंय. ओझी ऑसबॉर्न या हेवी मेटल गायकाच्या पहिल्या दोन एकल अल्बमांच्या 2002 च्या आवृत्त्यांत बेस आणि ड्रमचे मूळ ट्रॅक काढून टाकून दुसऱ्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतले होते. सूर तेच, गिटार तीच, आवाज तोच, आणि तरी जुन्या श्रोत्यांना पहिल्या मिनिटात कळलं की खाली कोणीतरी वेगळंच वाजवतंय. ओरड झाली. 2011 मध्ये मूळ वादन परत आलं. तुमच्यापैकी कुणी मधल्या काळातली सीडी घेतली असेल आणि ‘काहीतरी चुकतंय’ असं वाटून गप्प बसला असाल, तर चुकत होतं हे नक्की.

रीमास्टरबद्दलची दुसरी तक्रार तुमच्या पत्रात नाही, पण इतर अनेक पत्रांत आहे : नवी आवृत्ती मोठी वाजते आणि कान लवकर थकतात. नव्वदीच्या दशकापासून अल्बम एकमेकांपेक्षा मोठे ऐकू यावेत म्हणून आवाजाची शिखरं दाबून बाकी सगळं वर उचलण्याची चढाओढ लागली. शिखरं दाबली की ड्रमवरचा फटका फटका राहत नाही. मेटालिकाच्याच 2008 च्या ‘डेथ मॅग्नेटिक’च्या वेळी चाहत्यांच्या लक्षात आलं, की गिटारच्या व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी सीडीपेक्षा मोकळी वाजतात, आणि त्यांनी पुन्हा मास्टरिंग करा म्हणून सह्यांची मोहीम काढली. हल्ली बहुतेक स्ट्रीमिंग सेवा सगळ्या गाण्यांचा मोठेपणा एका पातळीवर आणून वाजवतात. त्यामुळे मुद्दाम मोठं केलेलं गाणं नुसतं खाली ओढलं जातं, दबलेली शिखरं काही परत येत नाहीत. जुना अल्बम शोधताना एकाहून जास्त आवृत्त्या दिसल्या तर दोन्ही आळीपाळीने ऐका. पण जी मोठी वाजते ती आधी बारीक करून दुसरीच्या बरोबरीला आणा आणि मगच ठरवा. कान मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजतात, हे लक्षात ठेवून तुलना करायची.

प्रश्न : कॉलेजमधल्या कॅसेट एका खोक्यात सापडल्या. पंचवीस वर्षं हात लागलेला नाही. सरळ लावून ऐकल्या तर चालेल?

उत्तर : सरळ लावू नका. आधी खिडकीतून टेपकडे बघा. कडेला पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी असू शकते. ती कॅसेट बाजूला ठेवा, वाजवू नका, नाहीतर बुरशी हेडवर, म्हणजे डेकमधल्या टेप वाचणाऱ्या भागावर, आणि तिथून बाकीच्या कॅसेटवर जाईल. मग टेपच्या मागची छोटी फेल्टची गादी जागेवर आहे का ते पाहा. तिचा गोंद सुटून ती गळालेली असते, आणि तिच्याशिवाय टेप हेडला नीट टेकत नाही. वरच्या कडेचे दोन्ही टॅब तोडलेले नसतील तर आता तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी गाणं पुसलं जाणार नाही. मग पेन्सिल घालून थोडी टेप हाताने फिरवा. अडकत नसेल तर कॅसेट डेकमध्ये घाला आणि एकदा शेवटपर्यंत पुढे, एकदा मागे पळवा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप त्याने मोकळी होते. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या.

वाजवल्यावर गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत त्याच गाण्याची पुसट चाहूल लागली तर घाबरू नका. गुंडाळलेल्या टेपचा एक थर शेजारच्या थरावर चुंबकीय ठसा सोडतो, त्याचा तो आवाज. आणि पहिल्यांदा वाजवतानाच डिजिटल प्रत करून घ्या, दुसऱ्या खेपेला टेप साथ देईलच असं नाही.

प्रश्न : ताई, माझा प्रश्न जरा वेगळा आहे. सतराव्या वर्षी ज्या अल्बमने मला अक्षरशः तारलं, तो मागच्या महिन्यात पुन्हा सापडला. पहिल्यांदा लावला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी अंगावर काटा आला. आठवडाभर कामाला जाता-येता तोच ऐकत होतो. आता काहीच होत नाही. गाणी वाजतात आणि मी दुसराच विचार करत असतो. उगाच लावला असं वाटतं. होता तो ठेवाही मी खर्च करून टाकला का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं, कारण यातून मीही गेले आहे.

पहिल्या दिवशी जे पाणी आलं ते बरंचसं सतरा वर्षांच्या तुमचं होतं. दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या दरम्यानच्या गोष्टी माणसाला पुढे आयुष्यभर जास्त ठसठशीत आठवतात, हे मानसशास्त्रात अनेकदा तपासलं गेलंय. संगीताच्या आवडीचंही तसंच. हॉलब्रुक आणि शिंडलर या दोघांनी 1989 मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली गाणी ऐकवली, तेव्हा लोकांना सर्वांत जास्त आवडलेली गाणी त्यांच्या विशीच्या सुरुवातीच्या काळात गाजलेली निघाली. त्यात अंगावर येणाऱ्या काट्याचा एक भाग वाट बघण्यातला असतो. मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं, की आवडत्या गाण्यातली ती जागा येण्याच्या आधी, नुसती ती येणार या चाहुलीनेच मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटायला लागतं. वर्षानुवर्षं न ऐकलेल्या अल्बममध्ये ही चाहूल जबरदस्त असते. आठवडाभर रोज ऐकला की ती बोथट होते. तेव्हा ठेवा खर्च झाला असं समजू नका. आठवणीचं काम झालं आणि ती बाजूला झाली, एवढंच. आता अल्बम उरलाय. त्याच्याकडे तुम्ही अजून बघितलेलंच नाही.

माझा त्या वयातला अल्बम म्हणजे पर्ल जॅम या बँडचा ‘टेन’, ऑगस्ट 1991 चा. माझंही पहिले काही दिवस तुमच्यासारखंच झालं. मग मी तो काम म्हणून ऐकायला घेतला, जसा गिऱ्हाइकाने दिलेला टेप ऐकते तसा. खुर्चीत बसून, हातात काही नाही, पहिल्या सेकंदापासून. तेव्हा लक्षात आलं, की पहिल्या गाण्याच्या आधी जो अंधुक बेसचा तुकडा वाजतो, तोच शेवटच्या गाण्यानंतर परत येतो. शाळेत असताना शेवटचं गाणं संपलं की मी कॅसेट उलटायची, त्यामुळे हे वर्तुळ मी कधी पूर्ण ऐकलंच नव्हतं. मग एकदा फक्त बेसच्या मागे गेले. ‘जेरेमी’ची सुरुवात मला तोवर गिटारची वाटायची. ती बँडचा बेसवादक जेफ अमेंटची बारा तारांची बेस आहे. एका तारेसोबत तिच्या वरच्या सप्तकातल्या जोडीच्या तारा वाजतात, म्हणून तो आवाज घंटेसारखा येतो.

आणि ‘ओशन्स’! त्या गाण्यात मागे काहीतरी बारीक खुळखुळतं आणि अधूनमधून धातूवर हलकेच टकटक होतं. हे मिक्स टिम पामर यांनी इंग्लंडमधल्या डॉर्किंगजवळच्या रिज फार्म स्टुडिओत केलं. स्टुडिओ खेड्यात, तालवाद्यं भाड्याने आणायची सोय नाही. तेव्हा त्यांनी जेवणाच्या टेबलावरची मिरपुडीची डबी खुळखुळवली आणि भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं वाजवलं. श्रेयनामावलीत दोन्हींची नोंद आहे. इतकी वर्षं हे आवाज माझ्या कानांवर पडत होते आणि मला ते ऐकू आले नव्हते. ते कळल्यावर मी ते गाणं किती आनंदाने ऐकलं म्हणून सांगू! त्या आनंदात शाळेतली कुठलीच आठवण नव्हती.

म्हणून तुम्हाला सांगणं असं : जाता-येता ऐकणं महिनाभर बंद करा. मग एके दिवशी सवड काढून पूर्ण अल्बम, त्याच्या क्रमाने, बसून ऐका. शफल बंद करा. गाण्यांची टोकं एकमेकांत मिसळणारं क्रॉसफेडही बंद करा, कारण दोन गाण्यांमधली शांतता किती सेकंदांची ठेवायची हेसुद्धा कुणीतरी विचार करून ठरवलेलं असतं. एकदा फक्त बेस ऐका. दुसऱ्यांदा ड्रममधली हाय-हॅट. तिसऱ्यांदा मुख्य आवाजाच्या मागे गाणारे आवाज. पन्नाशी जवळ आली असेल तर झांजांची चमक पूर्वीइतकी ऐकू येणार नाही, वयाबरोबर कानांना वरच्या कंप्रता कमी ऐकू येतात. त्यावर उपाय म्हणून आवाज वाढवू नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 80 डेसिबल, तीही आठवड्याला 40 तास. खर्ज आणि मधले आवाज तुमच्याकडे अजून शाबूत आहेत, आणि रॉकमधलं निम्म्याहून जास्त काम तिथेच चालतं.

एवढं करूनही काही हाती लागलं नाही, तर तो अल्बम तितका भक्कम नव्हता असं समजा. असे अल्बम असतात. त्याने तुम्हाला सतराव्या वर्षी तारलं हे खरंच राहतं, आणि ते काम काही छोटं नव्हतं.

प्रश्न : तेव्हा इंग्रजी शब्द नीट कळत नव्हते, नुसते ओरडायचो. आता कळतात, आणि काही गाण्यांत बायकांबद्दल, परक्या लोकांबद्दल जे म्हटलंय ते ऐकून लाज वाटते. असा अल्बम अजून आवडतो म्हणावं का?

उत्तर : आवडतो म्हणा, आणि कुठलं गाणं आवडत नाही तेही सांगा. अल्बम एकगठ्ठा स्वीकारला पाहिजे असं बंधन नाही, ते बनवणाऱ्यांवरसुद्धा नाही. गन्स अँड रोझेसच्या 1988 च्या एका रेकॉर्डवर स्थलांतरित, कृष्णवर्णीय आणि समलिंगी लोकांबद्दल अपशब्द असलेलं गाणं होतं. 2018 मध्ये त्या काळातल्या गाण्यांचा मोठा संच निघाला तेव्हा त्या रेकॉर्डवरची बाकीची गाणी त्यात आली, ते एक आलं नाही. मी स्वतः असं गाणं पुढे ढकलते आणि घरातल्या तरुण मुलांसमोर का ढकललं ते बोलते. गुपचूप ढकललं तर ती ते एकटी ऐकणार, आणि तेव्हा सांगायला जवळ कोणी नसेल.

पण शब्द कळल्यामुळे उघडतात अशी गाणीही असतात, त्यांच्यासाठी तुम्ही थोडा वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं. ‘टेन’मधलं ‘अलाइव्ह’ मी विजयाचं गाणं म्हणून गायचे, मूठ उगारून. त्यातली गोष्ट काय आहे? एक आई मुलाला सांगते, की ज्याला तू बाप समजत होतास तो तुझा बाप नाही, आणि खरा होता तो मरून गेला. पर्ल जॅमचा गायक एडी वेडरच्या स्वतःच्या आयुष्यात हे घडलेलं आहे. त्याच्या लेखी ‘मी अजून जिवंत आहे’ ही ओळ शापासारखी होती : तो गेला आणि मी मागे उरलो. पुढे मैफलींत हजारो लोक तीच ओळ उड्या मारत आनंदाने म्हणायला लागले, आणि त्यांच्या त्या गाण्याने आपल्यावरचा शाप उतरला असं त्याने स्वतः सांगितलंय. म्हणजे मूठ उगारून ओरडणारी आम्ही अडाणी मुलं त्या गाण्याच्या गोष्टीत कुठेतरी सामील होतो. हे कळल्यापासून मी ते दोन्ही अर्थांनी गाते.

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला माझा जुना अल्बम आवडावा असं फार वाटतं. मी लावला की ती हेडफोन घालते. काय करू?

उत्तर : तिच्यासाठी म्हणून लावू नका, स्वतःसाठी लावा आणि आपल्या कामाला लागा. मानसशास्त्रज्ञ कॅरल क्रुमहान्सल यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशीतल्या मुलांना जुन्या-नव्या काळातली गाणी ऐकवली होती. मुलांच्या स्वतःच्या काळातल्या गाण्यांशी त्यांच्या आठवणी जोडलेल्या होत्या यात नवल नाही. पण त्यांचे आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांशीही जोडलेल्या होत्या. ती गाणी मुलांनी बहुधा घरात वाढताना, कुणी मुद्दाम न ऐकवता ऐकलेली. तेव्हा हेडफोनच्या कडेने बरंच काही आत जातंय असं धरा, आणि ते तिला आवडतंय का हे विचारू नका.

उलट तिचा आत्ताचा अल्बम कोणता ते विचारा. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत तिच्याबरोबर बसून ऐका, मध्ये बोलू नका, आणि ‘आमच्या वेळी’ हे शब्द तोंडातून निघू देऊ नका. संपल्यावर एखाद्या गाण्यातल्या एका जागेबद्दल काहीतरी नेमकं विचारा, म्हणजे तुम्ही खरंच ऐकलंत हे तिला कळेल. ती काय म्हणाली ते मला नक्की कळवा.